शिबिर उठल्यावर गावात काय उरतं?

पद्मा नदीच्या काठचा फरिदपूर जिल्हा बांगलादेशात तागासाठी प्रसिद्ध आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना मात्र तो अलीकडे वेगळ्याच कारणाने माहीत झाला. या जिल्ह्यातली ९६ गावं निवडून मधुमेहाविरुद्ध एक प्रयोग झाला. कोणतं गाव कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून प्रत्येकी ३२ गावांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या गावांत महिन्यातून एकदा बैठका भरू लागल्या, बायकांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या. दुसऱ्या गटात लोकांच्या मोबाईलवर आठवड्यातून दोनदा ध्वनिमुद्रित संदेश येऊ लागले: मधुमेह म्हणजे काय, तो कशाने होतो, काय खावं, किती चालावं. तिसऱ्या गटात आधी जे चाललं होतं तेच चालू राहिलं. ‘डी-मॅजिक’ नावाचा हा उपक्रम बांगलादेशच्या डायबेटिक असोसिएशनने आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने मिळून चालवला. २०१९ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आले.

मोबाईलच्या गावांत लोकांची माहिती वाढली. मधुमेहाबद्दल विचारलं तर ते पूर्वीपेक्षा बरी उत्तरं देऊ लागले. पण रक्तातल्या साखरेवर त्या संदेशांचा काही परिणाम दिसला नाही.

बैठकांच्या गावांत वेगळंच घडलं. मधुमेही आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक एकत्र धरले, तर त्यांचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा शंभरामागे सुमारे वीसने कमी भरलं. जे सुरुवातीला उंबरठ्यावर होते, त्यांच्यातून दोन वर्षांत पुरते मधुमेही झालेल्यांचं प्रमाणही शंभरामागे जवळपास नऊने कमी निघालं. एकाच प्रयोगात एवढा मोठा फरक दिसला की जाणत्या वाचकाने जरा सावध व्हावं, हे खरं. पण त्यातली तुलना बोलकी आहे. रोग तोच, सल्लाही साधारण तोच. एकीकडे तो कानावर पडत होता आणि दुसरीकडे त्यावर चर्चा होत होती.

या बैठका चालवायला डॉक्टर नव्हते. त्याच भागातल्या, थोडंफार शिकलेल्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवलं होतं. सुरुवातीच्या बैठकांत गावाने आपली अडचण ओळखायची, मग उपाय ठरवायचे, ते करून पाहायचे आणि शेवटी पुन्हा एकत्र बसून काय जमलं, काय फसलं ते तपासायचं. असं दीड वर्ष चाललं. ‘रोज अर्धा तास चाला’ हे सांगायला एक मिनिट लागतं. पण खेड्यातली बाई हातात घागर नाही, डोक्यावर भारा नाही अशी रस्त्याने नुसतीच चालत निघाली, तर लोक काय म्हणतील? हा प्रश्न फोनवरच्या आवाजाला विचारता येत नाही, बैठकीत विचारता येतो. तिथे त्याचं उत्तरही सापडतं: चौघीजणी मिळून निघायचं. काही गटांनी तेच केलं. काहींनी परसात भाजीपाला लावला, काहींनी रक्ताची तपासणी जवळपास आणि परवडेल अशी व्हावी म्हणून खटपट केली. घरातल्या कर्त्या पुरुषाला त्याच्या बैठकीत तोच विषय ऐकायला मिळत होता, हे विशेष. स्वयंपाकात तेल किती ओतायचं हे बाई ठरवते असं आपण म्हणतो खरं, पण बाजारातून काय आणायचं आणि ताटात काय नसेल तर कपाळाला आठी घालायची, हे बहुतेक घरांत दुसराच कोणीतरी ठरवत असतो.

ही पद्धत मधुमेहासाठी जन्मली नव्हती. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात बायकांच्या गटांनी अशाच बैठकांमधून नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी केल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर ‘एकजुट’ या संस्थेने झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागांत तेच केलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बैठकांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात तिथे नवजात बालकांचे मृत्यू ४५ टक्क्यांनी घटले होते. ज्या बैठकीत बाळंतपणाची चर्चा करता येते, तिथे साखरेचीही करता येईल, हा फरिदपूरच्या मंडळींचा तर्क होता.

आपल्याकडे हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. ‘शेतात मरमर राबणाऱ्याला कसली आलीय शुगर? तो शहरातल्या खुर्चीवाल्यांचा रोग.’ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाने हे वाक्य खोटं ठरवलं. २००८ ते २०२० या काळात देशभर १,१३,०४३ लोकांची पाहणी झाली आणि त्यातले बहुसंख्य लोक ग्रामीण भागातले होते. शहरांत १६.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला आणि खेड्यांत ८.९ टक्के. इथवर ते वाक्य अर्धंमुर्धं टिकतं. पुढचा आकडा मात्र त्याला जमीनदोस्त करतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं शहरात १५.४ टक्के आहेत आणि खेड्यात १५.२ टक्के. म्हणजे उद्याच्या मधुमेह्यांच्या रांगेत गाव आणि शहर बरोबरीने उभे आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण शेजारच्या गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. देशभरात मिळून मधुमेही १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर आहेत.

आणि राबणं तरी पूर्वीचं कुठे राहिलंय? नांगरटीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आलं, शेतावर जायला मोटरसायकल आली. ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा अनेक घरांत रेशनच्या गव्हा-तांदळाने घेतली. चहात साखर किती, हे घरची माणसं मोजत नाहीत आणि पाहुण्याला तर विचारतही नाहीत. कष्ट वाचले याबद्दल कोणी तक्रार करू नये. कंबर मोडून काढणी करण्यात काही काव्य नसतं. पण शरीराचा हिशेब बदलला, एवढं मान्य करावं लागेल.

तो हिशेब मुळातच वेगळा आहे, हे ज्या संशोधनातून कळलं ते आपल्या पुण्याचं. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतकरी घरांतल्या या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. एवढ्या लहान बाळांच्या अंगावर चरबी नसेल असं कोणालाही वाटेल. मोजून पाहिलं तेव्हा उलटंच निघालं. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, असं हे बाळ.

तेच बाळ मोठं झाल्यावर कसं दिसतं, याचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक खुद्द याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी एकच: २२.३. वजनकाट्याच्या आणि तक्त्याच्या मते दोघेही ठाकठीक. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या गावातल्या ‘सडपातळ’ माणसाला शुगर कशी निघते, याचा याहून नेमका पुरावा शोधून सापडणार नाही. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप इथे जास्त खरं बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका वाढला असं समजतात.

पुण्याच्या गावांतला हा अभ्यास पुढे पिढीभर चालला. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळं आकाराने बरी होती. ज्या बाळांपासून हे सगळं सुरू झालं ती किशोरवयात आल्यावर २०१२ मध्ये त्यांनाच बी-१२ देऊन पुढच्या पिढीचं काय होतं हे पाहण्याचा प्रयोग हाती घेतला गेला. गावांनी एवढी वर्षं संशोधकांना दारात उभं केलं, मुलाबाळांची मापं घेऊ दिली, रक्त दिलं. लोकसहभाग हा शब्द सरकारी पत्रकांत गुळगुळीत झाला असला तरी या सहा गावांनी तो निभावून दाखवला. मधुमेह रोखायचा तर सुरुवात चाळिशीतल्या पोटापासून करून भागत नाही, मुलीच्या ताटापासून करावी लागते, हे त्यांच्यामुळे कळलं.

मधुमेह रोखता येतो का, हा प्रश्न आता शास्त्रापुढे उरलेला नाही. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात आहार आणि व्यायामाच्या जोरावर मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं लांबला, आणि तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या लोकांमध्ये हृदयविकार, पक्षाघातासारख्या घटनाही कमी होत्या. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तीन वर्षांत नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोक मधुमेही झाले. आहार-व्यायामाचं नीट मार्गदर्शन आणि पाठपुरावा मिळालेल्यांपैकी ३९.३ टक्के. मेटफॉर्मिनच्या गोळीने साधारण तेवढाच फायदा झाला, आणि दोन्ही एकत्र केल्याने जास्तीचं काही हाती लागलं नाही. प्रश्न उरतो तो हे मार्गदर्शन आणि हा पाठपुरावा वाडीवस्तीवर वर्षानुवर्षं कोणी करायचा, हा.

आपलं आवडतं उत्तर म्हणजे शिबिर. शाळेच्या पटांगणात मंडप पडतो, मागे फ्लेक्स लागतो, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. मग रांग लावून बोटांना सुया टोचल्या जातात. टोचायची वेळ दुपारची असते, सकाळी चहा-पोहे झालेले असतात, त्यामुळे आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा हा प्रश्नच असतो. हातात एक चिठ्ठी मिळते: ‘शुगर जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा.’ संध्याकाळी मंडप उतरतो. चिठ्ठी कपाटात किंवा देवघरात जाते. ज्याला दाखवायचं ते डॉक्टर तालुक्याला असतात, तिथे जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि दुखत तर काहीच नसतं. मधुमेहाचा खरा कावेबाजपणा इथे आहे. डोळे, मूत्रपिंड, पाय खाऊन होईपर्यंत तो बहुधा दुखत नाही. शिबिर भरवणाऱ्यांची कळकळ खोटी नसते. पण ज्या रोगाशी वीस-तीस वर्षं झुंजायचं, त्याच्यासाठी एका दिवसाचा मंडप पुरत नाही.

तमिळनाडूतल्या चुनमपेटने ही पोकळी भरायचा प्रयत्न केला. डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तिथल्या ४२ गावांत एक मोटारगाडी फिरवली. गाडीत डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा आणि इतर उपकरणं होती. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहाची जोडणी दिली, डेन्मार्कच्या वर्ल्ड डायबेटिस फाउंडेशनने पैसा दिला, गावच्याच मुलामुलींना प्रशिक्षण देऊन कामाला घेतलं, आणि कायमच्या दवाखान्यासाठी जागा एका स्थानिक माणसाने दिली. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण गाडी निघून गेल्यावरही तो दवाखाना जागेवर होता. २३,४४९ प्रौढांची, म्हणजे तिथल्या ८६.५ टक्के प्रौढ लोकसंख्येची तपासणी झाली. मधुमेह्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, एचबीए१सी, वर्षभरात ९.३ वरून ८.५ वर आलं. पाच टक्क्यांहून कमी रुग्णांना चेन्नईला पाठवावं लागलं. यातलं मोठं यश उपचाराचं आहे, प्रतिबंधाचं त्या मानाने कमी. पण सापडलेल्या रुग्णाला जवळच औषध मिळतं हे दिसल्याशिवाय निरोगी माणूस तपासणीला कशाला येईल?

आता केरळ. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या नेय्याट्टिंकारा तालुक्यात ६० मतदान केंद्रांची हद्द घेऊन १,००७ लोकांवर प्रयोग झाला. निवड करताना सुईचा वापर शेवटी. आधी वय, कंबर, व्यायाम आणि आईवडिलांचा इतिहास विचारून धोका कोणाला जास्त हे ठरवलं. शेजाऱ्यांचेच गट केले, त्यांच्यातलाच एकजण म्होरक्या, त्याला प्रशिक्षण. कागदावर सगळं फरिदपूरसारखंच. दोन वर्षांनी गटांतले १४.९ टक्के लोक मधुमेही झाले आणि तुलनेतले १७.१ टक्के. फरक दिसतो, पण तो योगायोगानेही आला असेल इतका लहान आहे, असं संशोधकांनी २०१८ मध्ये स्वतःच लिहिलं. लोकांचं दारू पिणं घटलं, फळं-भाज्या वाढल्या. मधुमेह मात्र ठामपणे अडला असं म्हणता आलं नाही.

दोन प्रयोग, दोन निकाल. यातून ‘बैठकांनी काही होत नाही’ असा अर्थ काढणं घाईचं ठरेल. केरळमध्ये धोका जास्त असलेली माणसं वेचून गट केले होते. फरिदपूरमध्ये बैठक साऱ्या गावाला खुली होती, म्हणून सासू, सून, दुकानदार, मास्तर असे सगळेच त्या चर्चेत सापडले. एकट्या माणसाने साखर सोडायची ठरवली तर लग्नाच्या पंगतीत त्याची चेष्टा होते; पंगतच बदलली तर होत नाही. फरकाचं कारण हेच, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण खेड्यात राहिलेल्या माणसाला ते पटायला जड जाऊ नये.

महाराष्ट्राला हे सारं नवं वाटायचं कारण नाही. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं तेव्हा त्यांनी गावात शिरायला स्टेथोस्कोपआधी व्हॉलीबॉल वापरला. जातीपातीच्या भिंती ओलांडून पुरुष खेळायला एकत्र आले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. गावाने निवडलेल्या बायका, अनेक जणी निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका झाल्या. आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचं आणि गावात जाऊन करायचं, असा क्रम. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या, त्या कल्पनेच्या मागे जामखेडच्या या बायका उभ्या आहेत.

आज आशाताईंच्या पिशवीत मधुमेहासाठीचाही एक फॉर्म असतो. तिशीवरच्या प्रत्येकासाठी तो भरायचा असतो. वय किती, तंबाखू-मिश्री चालते का, दारू रोजची का, कंबर किती, आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, घरात आधी कोणाला शुगर-बीपी आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली तर तपासणीला आधी पाठवायचं. फॉर्म चांगला आहे, सोपा आहे. अडचण त्याच्यापुढे सुरू होते. आशाताईंकडे लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत, क्षयरोग आहे, रोज नवीन ॲप आहे. कंबर मोजायला पुरुषाने तिच्यासमोर उभं राहायचं, यात दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, मग आकडा अंदाजे लिहिला जातो. आणि गुण चारच्या वर गेलेल्या, पण अजून साखर न वाढलेल्या माणसासाठी पुढे फारसं काही नाही. त्याला गोळी नको असते. त्याला महिन्याला भेटणारी चार माणसं हवी असतात, आणि ती सरकार पुरवू शकत नाही.

ती गावात असतात. बचत गट दर महिन्याला भरतोच. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती बहुतेक गावांत कागदावर आहे आणि तिच्यासाठी दरवर्षी थोडा मुक्त निधीही ठरलेला आहे. २००७ पासून पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. उपकेंद्रात औषध का नाही, डॉक्टर का नाहीत, हे गावकऱ्यांनी जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारलं. तोच प्रश्न मेटफॉर्मिनबद्दल विचारता येतो. शाळेच्या फाटकाबाहेर थंडपेयांची टपरी असावी का, हे ग्रामसभेत ठरवता येतं. बायकांना पहाटे निर्धास्त चालता येईल असा एक उजेडाचा रस्ता ग्रामपंचायत करून देऊ शकते.

यातलं एकही काम डॉक्टरचं नाही. म्हणून सरपंच, बचत गटाच्या अध्यक्षा, शाळेचे मास्तर आणि तरुण मंडळाचे कार्यकर्ते यांना एक विनंती: पुढचं शिबिर भरवा, जरूर भरवा, पण मंडप उतरवण्याआधी पुढच्या महिन्याच्या बैठकीची तारीख ठरवून फळ्यावर लिहा, आणि ज्यांच्या चिठ्ठीत आकडा जास्त आला आहे त्यांना घरी जाऊन बोलावणं द्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ‘आपल्या गावातली शुगर’ हा विषय घ्या. उपकेंद्रात तिशीवरच्यांची तपासणी मोफत होते. ग्रामसभेला आशाताईंना बोलावून किती जणांची झाली आणि किती जणांची राहिली, हे सगळ्यांसमोर विचारा.